उभ्या गाडीचे तास

मी जळगावहून दुकानांना माल पोचवायची गाडी चालवतो. गाडीला जीपीएस बसवलंय आणि त्याचा रिपोर्ट रोज सेठच्या मोबाईलवर जातो. गाडी किती तास चालली, किती तास उभी होती, कुठे उभी होती, सगळं त्यात दिसतं. शहाद्याकडच्या दुकानांना माल देऊन, म्हणजे शहादा लाइन करून आलो की दुसऱ्या दिवशी सेठ तो रिपोर्ट उघडतो आणि म्हणतो, "भाऊ, गाडी नऊ तास चालली आन् आठ तास उभी होती, आराम तर झाला ना मग." सेठ माणूस चांगला आहे, मुलीच्या ॲडमिशनच्या टायमाला न मागता पैसे काढून दिले होते त्यांनी, त्यामुळे मी तोंडावर काही बोलत नाही. पण त्या उभ्या आठ तासांत मी काय करतो हे त्या रिपोर्टमध्ये कुठेच येत नाही आणि ते कुठेतरी यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून लिहून राहिलो.

आधी काम काय ते सांगतो. मी सतरा फुटी आयशर चालवतो, बंद कंटेनर बॉडी. जळगावला एमआयडीसीतल्या डेपोतून माल भरायचा, बिस्किटं, साबण, वॉशिंग पावडर, तेलाचे बॉक्स, चहा, कुरकुरे, लहान पोरांचे डायपर, आणि तो गावोगावच्या सुपरमार्केटवाल्यांना, होलसेलवाल्यांना, मोठ्या किराणा दुकानांना पोचवायचा. याला आम्ही लाइन म्हणतो. रावेर लाइन म्हणजे भुसावळ, यावल, फैजपूर, सावदा, रावेर. अमळनेर लाइन म्हणजे पाळधी, धरणगाव, अमळनेर, आणि येताना पारोळा, एरंडोल. पाचोरा, भडगाव, चाळीसगाव ही वेगळी लाइन. आणि सगळ्यात लांबची शहादा लाइन, जळगावहून धुळे, तिथून दोंडाईचा, नंदुरबार, मग प्रकाशावरून तापी ओलांडून शहादा, आणि परत येताना शिरपूर, चोपडा करत जळगाव. पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास होतं सगळं. नंदुरबारचा माल नसला तर दोंडाईच्याहून सरळ सारंगखेड्यावरून शहाद्याला निघतो, तेवढेच किलोमीटर वाचतात, फक्त डिसेंबरात सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा असते तेव्हा त्या पुलाच्या अलीकडे गाडी कधी अडकेल याचा नेम नसतो.

माझा चुलतभाऊ सुरत-नागपूर चालतो, मोठी गाडी आहे त्याची. त्याचं काम काही सोपं नाही, कोंडाईबारीचा घाट रात्रीचा उतरवायचा म्हणजे खायचं काम नाही, पण त्याची गाडी एकदा भरते आणि एकदा खाली होते. मधे ढाब्यावर शेवभाजी खाल्ली, केबिनमध्ये दोन तास पडला, परत निघाला. आमच्या लाइनला दर चाळीस-पन्नास किलोमीटरवर गाडी उभी, मागचं दार उघडा, माल मोजा, उतरवा, सही घ्या, दार लावा, पुढे चला. झोपायला मधे जागाच नाही. गाडी चालवायला बसतो तेव्हाच काय तो पाठीला टेका मिळतो, हे शब्दशः खरं आहे.

माल भरतानाच दुसऱ्या दिवसाचं सगळं ठरून जातं. शेवटच्या दुकानाचा माल सगळ्यात आधी आत जातो, केबिनच्या बाजूला, आणि पहिल्या दुकानाचा शेवटी, दाराजवळ. ऐकायला सोपं आहे. पण तेल आणि पावडर जड, ते खाली पाहिजे, बिस्किटं आणि कुरकुरे वर पाहिजेत नाहीतर चुरा होतो, आणि चोपड्याच्या पार्टीचे सगळे कुरकुरे आणि धुळ्याच्या पार्टीचं सगळं तेल असं असलं की हलका माल आत आणि जड माल सगळा दाराशी येतो, मग मागच्या एक्सलवर लोड येतो आणि ब्रेक मारला की गाडी वेगळीच वागते. म्हणून थप्प्या अशा लावाव्या लागतात की प्रत्येक पार्टीच्या मालाची एक उभी भिंत झाली पाहिजे, खाली जड वर हलकं, आणि दोन भिंतींच्या मधे पुठ्ठा. मी भरताना स्वतः आत उभा राहतो आणि खडूने प्रत्येक बॉक्सवर लिहितो, धु, दों, नं, श, शि, चो. डेपोचे हमाल आता स्वतःच विचारतात, "ओ दादा, हा कोणाचा, श का शि?" हे लिहायला अर्धा-पाऊण तास जास्त जातो रात्री, पण दुसऱ्या दिवशी दोन तास वाचतात. भरून झालं, सील लागलं की रात्रीचे दहा-साडेदहा होतात, घरी जाऊन जेवायचं आणि पहाटे चारला गाडीवर.

आता ही भिंत कोसळते कशी ते ऐका. धुळ्याला नो एन्ट्री सुरू व्हायच्या आत पोचायचं म्हणून चारला निघालो, पण दुकानाचं शटर साडेनऊला उघडतं आणि रिसिव्हिंगचा, म्हणजे माल मोजून घेणारा माणूस दहाला येतो. एकदा असंच झालं, रिसिव्हिंगवाला आलाच नाही, फोनवर म्हणे तीन वाजता या. तीनला धुळ्यात थांबलो तर नंदुरबार-शहाद्याचा दिवस गेला. म्हणून धुळ्याचा माल तसाच ठेवून दोंडाईच्याला गेलो. आता धुळ्याचा माल दाराशी आणि दोंडाईच्याचा त्याच्या मागे. मग काय, धुळ्याचे सगळे तेलाचे बॉक्स एकेक करून रस्त्याच्या कडेला उतरवले, दोंडाईच्याचा माल काढून दिला, आणि धुळ्याचे बॉक्स परत चढवले. मे महिना, दुपारचे बारा, कंटेनरचा पत्रा असा तापलेला की आत हात टेकवता येत नव्हता, आणि एका बॉक्सची बाटली फुटलेली म्हणून फ्लोअरवर तेल, चप्पल घसरते म्हणून अनवाणी चढलो तर पाय भाजतात. मी आणि दुकानाचा एक पोरगा, दोघंच. पुढे नंदुरबारला तेच परत, शहाद्याला तेच परत, आणि शेवटी ते धुळ्याचं तेल तसंच जळगावला वापस. रिपोर्टमध्ये एवढंच, दोंडाईचा, गाडी उभी, १ तास ४० मिनिटं.

दोंडाईच्याचं दुकान मात्र लाख मोलाचं आहे. मिरचीच्या बाजाराकडे जायच्या रस्त्यावर, म्हातारे नाना गल्ल्यावर बसलेले असतात. गाडी लावून खाली उतरलो की बिल बघायच्या आधी विचारतात, "जेवण जयं का भाऊ? पह्यले पानी पी ले." माठातलं पाणी देतात, मागच्या बाजूला संडास आहे तो वापरू देतात. हे लिहायचं कारण असं की बाकी बऱ्याच ठिकाणी हे मिळत नाही. मोठं दुकान, काचेचा दरवाजा, आत एसी, आणि ड्रायव्हरने विचारलं बाथरूम कुठे आहे तर सिक्युरिटीवाला म्हणतो बाहेर जा. बाहेर म्हणजे कुठे? भर बाजारात? आमच्यासारखे लोक म्हणून मग पाणीच कमी पितात, आणि खान्देशातल्या मे महिन्यात पाणी कमी पिऊन बॉक्स उचलायचे म्हणजे काय होतं ते भुसावळ-जळगावच्या लोकांना सांगायची गरज नाही. मुतखड्याचा त्रास नसलेला ड्रायव्हर माझ्या ओळखीत शोधावा लागेल.

आता मोजणीचं. दुकानात माल घेणारा माणूस एकच असतो आणि त्याच वेळी दुसऱ्या कंपनीच्या दोन गाड्या आलेल्या असतात. नंबर लावायचा. नंबर आला की बॉक्स उतरवायचे, तो पेनाने बिलावर टिक करत जातो, मधेच गिऱ्हाईक आलं की उठतो, परत आला की कुठपर्यंत मोजलं होतं ते विसरतो, परत पहिल्यापासून. शहाद्याला एकदा साबणाचे ४८ बॉक्स बिलावर आणि उतरले ४७. मालक म्हणाला शॉर्ट लिहून देतो. शॉर्ट लिहिलं की तो बॉक्स माझ्या पगारातून जातो, म्हणजे एका साबणाच्या बॉक्सपायी त्या दिवसाचा सगळा भत्ता गेला. मी म्हटलं थांबा. शिरपूरची थप्पी पूर्ण खाली घेतली, चोपड्याची अर्धी घेतली, तेव्हा शिरपूरच्या भिंतीत मधोमध तो बॉक्स सापडला, त्यावर 'श' च होतं पण पुठ्ठा ओला होऊन खडू पुसट झालेला आणि हमालाने 'शि' च्या थरात लावला. तेव्हापासून खडू बंद, जाड मार्कर आणलाय. तो बॉक्स शोधायला सव्वा तास गेला, आणि तो सव्वा तास पण रिपोर्टमध्ये उभीच्या रकान्यात.

पोच हा वेगळाच विषय आहे. पोच म्हणजे चलनाच्या मागच्या प्रतीवर दुकानदाराची सही आणि शिक्का, ती डेपोत जमा केल्याशिवाय ट्रान्सपोर्टवाल्याचं भाडं निघत नाही. शिक्का कपाटात, कपाटाची चावी मालकाकडे, मालक जेवायला घरी. तालुक्याच्या गावाला उन्हाळ्यात दुपारी एक ते चार बाजार झोपलेला असतो, त्यात त्यांचं पण चुकत नाही, सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत दुकान चालवणारा माणूस दुपारी पडणारच. पण सही राहिली म्हणून मी गाडीजवळ बसलेला असतो आणि गाडी सोडून जाता येत नाही कारण आत बाकीच्यांचा माल आहे. याला आराम म्हणायचं का हे तुम्ही सांगा. डोळा लागला आणि मागचं दार कोणी उघडलं तर जबाबदार मीच.

असंच एकदा सहीची वाट बघत बसलो असताना मोबाईलवर कायदा शोधून वाचला. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ चा. त्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम लिहिलंय. लांबचा रूट असला किंवा सणासुदीची गर्दी असली तर जास्तीत जास्त १० तास, त्याच्या वर नाही. ५ तास सलग काम झालं की निदान अर्धा तास सुट्टी. पण मला जे वाचून अंगावर आलं ते वेगळंच होतं. कामाचे तास म्हणजे नुसतं गाडी चालवणं असं त्या कायद्यात नाहीच. गाडीत माल भरणं, उतरवणं, हिशोब देणं, रजिस्टरवर सह्या करणं, याला त्यात जोडकाम म्हटलंय आणि ते कामाच्या तासांत धरायचं असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे मी जे वर्षानुवर्षं मनात म्हणत होतो ते माझ्या जन्माच्या आधीच छापलेलं होतं. माझी शहादा लाइन त्या हिशोबात कुठेच बसत नाही, नऊ तास चालवणं आणि आठ तासातलं निदान पाच-सहा तास उतरवणं-मोजणं, बेरीज करून बघा.

आता अडचण पण सांगतो कारण अर्धवट माहिती द्यायची नाही. तो कायदा जिथे पाच किंवा जास्त मोटार कामगार आहेत अशा धंद्याला लागू होता. आपल्याकडे कितीतरी मालकांच्या दोन गाड्या, तीन गाड्या, ड्रायव्हर दोन आणि एक पोरगा. ते त्यात येतच नाहीत. २०२० च्या नव्या कामगार संहितेत तो जुना कायदा मिसळून टाकलाय, त्यात पण दिवसाचे तास आठच आहेत. कागदावर आहे. हमालांसाठी आपल्या महाराष्ट्रात १९६९ ला माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांनी हमाल एकत्र आणले, भांडले, तेव्हा झाला. हमालाला बॉक्समागे, गोणीमागे भाव आहे, आणि तो असलाच पाहिजे, पाठ त्याची मोडते. पण ज्या दुकानात हमाल नसतो तिथे तोच बॉक्स ड्रायव्हर उचलतो आणि त्याचा भाव शून्य, उलट काही ठिकाणी वाराई, म्हणजे माल उतरवायचे पैसे म्हणून ड्रायव्हरच्याच खिशातून पैसे जातात आणि ते सेठकडून परत मिळवायला आठवडा लागतो.

मधे सगळीकडे चर्चा होती की ट्रकच्या केबिनला एसी येणार. आला नियम, ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनाच्या वरच्या मालगाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. खरंच चांगलं झालं, लांबच्या ड्रायव्हरला त्याचा फार उपयोग होईल. माझी गाडी जुनी आहे त्यामुळे मला नाही, पण नवीन असती तरी माझं अर्धं काम कंटेनरच्या आत आणि दुकानाच्या मागच्या गल्लीत. आणि उभ्या गाडीचा एसी इंजिन चालू ठेवल्याशिवाय चालत नाही, इंजिन चालू ठेवलं की डिझेलचा ॲव्हरेज पडतो आणि गल्लीतले लोक ओरडतात धूर येतो म्हणून. दुकानाच्या मागे एक पत्र्याची शेड, एक पंखा, एक माठ आणि बसायला बाकडं, एवढं जरी केलं तरी आमच्या लाइनच्या ड्रायव्हरला एसीपेक्षा जास्त उपयोग होईल. खर्च काय तो असा कितीसा.

शिरपूर खाली झालं की संध्याकाळचे सात-साडेसात. चोपड्याला पोचेपर्यंत दुकान बंद व्हायची वेळ, तिथे हातापाया पडून माल उतरवायचा. आणि मग खरी भीती वाटायला लागते. चोपड्याहून धानोऱ्यावरून जळगाव, पन्नासेक किलोमीटर, रस्ता माझा पाठ आहे, पण केळीचा पट्टा आहे तो, रात्री केळीने भरलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही. कापसाच्या दिवसांत कापसाच्या ट्रॉल्या, अर्धा रस्ता अडवून. पहाटे चारला उठलेला माणूस रात्री दहाला तिथे पोचतो तेव्हा डोळे उघडे असतात पण समोरचं डोक्यापर्यंत पोचत नाही. तापीचा पूल कधी गेला ते आठवत नाही असं झालंय माझं, आणि असं झालं की मी गाडी बाजूला घेतोच, पेट्रोल पंप दिसला की तिथे, वीस मिनिटं मान टाकतो. आणि त्याच वेळी फोन वाजतो. सेठ. "भाऊ, गाडी का थांबली?"

दिवसभर गाडी आठ तास उभी, एकदा पण फोन येत नाही कारण ती दुकानासमोर उभी असते. आणि जी वीस मिनिटं खरंच आराम असतो, ज्याने माझा जीव आणि समोरच्या ट्रॅक्टरवाल्याचा जीव वाचतो, त्याला फोन येतो. हे सेठला मी एकदा शांतपणे सांगितलं. ते गप्प राहिले, मग म्हणाले की मला कसं कळणार कोणतं थांबणं कसलं आहे. प्रश्न बरोबर होता त्यांचा. मशीनला कसं कळणार.

म्हणून आता मी एक सुरू केलंय. प्रत्येक पोचच्या मागे दोन वेळा लिहितो, गाडी दुकानावर आली किती वाजता आणि सही मिळाली किती वाजता, आणि त्याच्या खाली एका शब्दात कारण, मोजणी, नंबर, मालक जेवायला, थप्पी खाली-वर. दुकानदाराला सांगतो त्याच्यावर पण एक सही मारा. सुरुवातीला काही जणांना वाटलं मी त्यांची तक्रार करून राहिलो, त्यांना समजावलं की भाऊ तुमच्यावर काही नाही, माझे तास मला मोजायचेत. महिन्याच्या शेवटी ती सगळी चलनं सेठसमोर ठेवली आणि दोघांनी बसून बेरीज केली. सेठने स्वतः कॅल्क्युलेटर मारला. शहादा लाइनला जवळपास निम्मा वेळ उतरवण्यात आणि वाट बघण्यात जातो हे त्यांनी त्यांच्या डोळ्यांनी बघितलं. तेव्हापासून शहादा लाइनला एक पोरगा सोबत द्यायला लागलेत, आणि धुळ्याच्या पार्टीशी बोलून तिथली वेळ ठरवून घेतलीये, रिसिव्हिंगवाला आता आठला येतो. भत्ता वाढलेला नाही, तो विषय चालू आहे. रात्री पंपावर थांबलो तर आता फोनच्या ऐवजी व्हॉट्सॲपवर नुसता प्रश्नचिन्ह येतो, मी उठल्यावर उत्तर देतो.

लाइनवर चालणारे जे कोणी हे वाचत असतील त्यांनी पण हे करून बघा, वेगळं रजिस्टर लागत नाही, पोचची मागची बाजू कोरीच असते. वेळ तिथल्या तिथे लिहा, रात्री आठवून लिहिलेली कोणी मानत नाही, आणि जमलं तर पोचचा एक फोटो काढून ठेवा कारण चलन एकदा डेपोत जमा झालं की परत हाताला लागत नाही. पाचोऱ्याचा एक दुकानदार तर आता न सांगता शिक्क्याच्या बाजूला वेळ टाकतो. बाकीच्यांकडे अजून मागून घ्यावी लागते.